लाल खोलीचा पंचनामा

पूर्णतः अमूर्त चित्रासमोर मनुष्य निर्धास्त असतो. त्यात काय आहे हे खुद्द चित्रकारालाही सांगता येणार नाही अशी त्याची मनोमन खात्री असल्यामुळे, हात पाठीमागे बांधून आणि मान किंचित कलती करून तो तेथे शिष्टाचारापुरता उभा राहतो व पुढे सरकतो. हुबेहूब चित्रासमोरही त्याला फारशी तोशीस पडत नाही, "अगदी खरे वाटते हो!" एवढा शेरा मारला की रसिकत्वाचे कर्तव्य फिटले. खरा घोटाळा होतो तो या दोहोंच्या मधल्या प्रांतात. तेथे पेरू हा पेरू म्हणून ओळखू येण्याइतपत पेरू असतो, परंतु तो निळा असतो. मेज असते, परंतु त्याला पाय असावेत असा केवळ संशय येतो. आणि सुरईच्या शेजारी जे काही पिवळे आहे ते लिंबू, पाव की नुसताच पिवळेपणा, याचा निकाल लागत नाही. अशा चित्राने पाहणाऱ्याला अर्धे उत्तर आधीच देऊन ठेवलेले असते, आणि अर्धे उत्तर हाती आलेला मनुष्य, मग तो परीक्षेला बसलेला असो वा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असो, कधीही गप्प बसू शकत नाही.

वस्तुचित्राची परिस्थिती मुळात इतकी बिकट नव्हती. झ्यूक्सिस या ग्रीक चित्रकाराने रंगविलेली द्राक्षे खरी समजून पाखरे त्यांवर झेपावली, अशी कथा प्लिनी या रोमन ग्रंथकाराने नमूद करून ठेवली आहे. वस्तुचित्राचे ते आद्य समीक्षक, आणि माझ्या समजुतीप्रमाणे एकमताने अभिप्राय देणारे अखेरचे. पुढे सतराव्या शतकात फेलिबियँ नामक फ्रेंच पंडिताने चित्रप्रकारांची जी उतरंड रचली, तीत देवादिकांची आणि वीरपुरुषांची चित्रे शिरोभागी विराजमान झाली आणि फळे, फुले, भांडीकुंडी यांची रवानगी अगदी तळाला झाली. परंतु तळाला बसविलेल्यांकडे कोणाचे लक्ष नसते, हाच त्यांचा मोठा फायदा. वीरपुरुषाचे नाक वाकडे काढले तर त्याचे वंशज हरकत घेतात; सफरचंदाला वंशज पुष्कळ असले तरी ते हरकत घेत नाहीत. म्हणून ज्या चित्रकारांना जगाची मोडतोड करून ते नव्याने जुळवायचे होते, त्यांनी त्या उद्योगाचा बराचसा भाग फळांच्या टोपलीवर उरकून घेतला. सेझानला तर सफरचंदांच्या स्थैर्याची इतकी सवय झाली होती की, व्होलार या चित्रविक्रेत्याला समोर बसवून त्याचे चित्र काढताना, डुलकी लागून तो बिचारा बैठकीवरून खाली कोसळला तेव्हा, सफरचंद कधी हलते काय, असे विचारून सेझान त्याच्यावरच खेकसला. ही हकीकत व्होलारनेच लिहून ठेवली आहे, आणि अशा ११५ बैठका झाल्या असेही त्याने नमूद केले आहे.

हे सर्व सांगण्याचे निमित्त असे की, माझ्या भाच्याने आपल्या नव्या घराच्या जेवणाच्या खोलीत आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराच्या 'लाल खोली' या चित्राची एक बरीच मोठी छापील प्रत चौकटीत बसवून लावली आहे. मूळ चित्र १९०८ सालचे, सुमारे सहा फूट उंच आणि सव्वासात फूट रुंद. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, त्यात एक खोली आहे आणि ती लाल आहे. भिंत लाल, मेजावरचा कपडा लाल, आणि दोहोंवर निळ्या फुलपात्रांची व वळणावळणांच्या निळ्या वेलींची एकच नक्षी अशी बेधडक पसरलेली आहे की भिंत कोठे संपली आणि मेज कोठे सुरू झाले हे हुडकून काढावे लागते. मेजावर फळे आहेत, सुरया आहेत. उजवीकडे एक स्त्री मान खाली घालून फळांच्या उंच तबकाशी काही करीत आहे. आणि डावीकडे वरच्या अंगाला एक चौकोन असून त्यातून हिरवळ, पांढऱ्या मोहोराची झाडे आणि लांबवर एक गुलाबी घर दिसते. एवढाच ऐवज. परंतु एवढ्या ऐवजावर भाच्याच्या घरी जेवायला येणाऱ्या मंडळींनी जे भाष्य केले आहे ते एकत्र बांधले तर एखाद्या उपनिषदावरील टीकेइतके भरेल.

प्रथम बोलले ते अर्थातच प्राध्यापक. त्यांनी चष्मा काढला (चित्र पाहण्यासाठी लावायचा चष्मा बोलण्यासाठी काढावा लागतो, असा त्यांचा नियम आहे) आणि असे प्रतिपादन केले की, हा लाल रंग म्हणजे मध्यमवर्गीय गृहसौख्याच्या पृष्ठभागाखाली खदखदणारा दडपलेला क्षोभ असून, निळ्या वेली ही त्या क्षोभाला जखडणारी रूढीची बंधने आहेत, आणि ती स्त्री ही स्त्री नसून एक प्रश्नचिन्ह आहे. तिची पाठ वाकलेली असल्यामुळे आकाराच्या दृष्टीने हा मुद्दा कोणालाही खोडता आला नाही. विवेचन पुढेही बराच वेळ चालले. आमटी दोनदा गरम करावी लागली.

शेजारचे ड्रॉइंग मास्तर मात्र तत्त्वज्ञानाच्या भानगडीत पडले नाहीत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी मुलांच्या पिढ्यान् पिढ्या तयार करताना त्यांनी बादली, तांब्या आणि त्यांच्यामागे सोडलेल्या घडीदार कापडाकडे आयुष्यभर इतक्या निष्ठेने पाहिले आहे की, जगातील कोणतीही वस्तू सावली न टाकता उभी राहिली तर त्यांना तो शिस्तभंग वाटतो. "सावली कुठाय?" त्यांनी विचारले. "यथादर्शन कुठाय? मेजाच्या कडा मागे जाताना जवळ यायला हव्यात, त्या कडाच मुळी नाहीत. आमच्याकडे हे चित्र आले असते तर 'क' श्रेणीसुद्धा मिळाली नसती." एवढे बोलून ते पानावर बसले, पण जेवताना त्यांची नजर वारंवार भिंतीकडे जात होती, आणि मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावता लावता, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, ते पुटपुटले, "लाल मात्र सपाट लावलाय हो पठ्ठ्याने. एक डाग नाही."

माझी थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, ही कलेच्या वाटेला सहसा जात नाही. परंतु ते चित्र ज्या खोलीत लावले आहे तेथे तिची ये-जा सर्वांत जास्त असल्यामुळे तिचे अवलोकनही सर्वांत दीर्घ आहे. तिचे म्हणणे असे की, फळे अशी कापडावर उघडी टाकू नयेत, डाग पडतात. एवढ्या मोठ्या घरात ती बाई एकटीच राबते आहे आणि बाकीचे कोठे उलथले आहेत कोण जाणे. आणि भिंतीला व मेजाला एकाच ताग्यातले कापड लावले आहे ते उरलेसुरले स्वस्तात मिळाले असेल म्हणून. हे शेवटचे निदान ऐकून प्राध्यापक मंद हसले. पण वस्तुस्थिती ताईच्या बाजूची आहे. ती निळी नक्षी मातीसच्या मालकीच्या एका खऱ्याखुऱ्या छापील कापडावरची असून, जुन्या वस्तूंच्या दुकानात दिसलेले ते कापड त्याने पसंत करून घेतले होते, आणि ते त्याच्या एकाहून अधिक चित्रांत हजेरी लावून गेले आहे. तो लहानाचा मोठा झाला ते बोअँ गाव विणकरांचे. कापडाकडे पाहण्याची त्याची दृष्टी ताईच्या दृष्टीहून फारशी भिन्न असण्याचे कारण नाही.

येथवर सारे रीतीप्रमाणे चालले होते. परंतु एका रविवारी आमचे स्नेही शिरस्तेदारसाहेब जेवायला आले. ते स्वतः सेवानिवृत्त होऊन पुष्कळ वर्षे लोटली असली तरी त्यांच्या बोलण्यातून कचेरी अद्याप निवृत्त झालेली नाही. जमीनमहसुलाच्या दप्तरात हयात घालविल्यामुळे, कोणत्याही वस्तूबद्दल मत देण्यापूर्वी ती वस्तू जागेवर आहे की नाही हे पाहावे, असे एक जुनाट वळण त्यांना लागलेले आहे. प्राध्यापकांचा क्षोभ, मास्तरांची सावली आणि ताईचे कापड हे तिन्ही जबाब त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि मग भाच्याला म्हणाले, "अरे, एक कोरा कागद आण बघू. वादाचा विषय आहे. आधी पंचनामा होऊ दे."

पंचनामा झाला. "आम्ही खाली सह्या करणार पंच समक्ष हजर राहून पंचनामा लिहून देतो ऐसा जे," येथपासून सुरुवात करून त्यांनी जे सांगितले आणि भाच्याने जे टिपून घेतले, त्यातील मुख्य मजकूर येणेप्रमाणे. सदरहू मिळकतीत भिंत व मेज असे दोन स्वतंत्र भाग असून त्यांमधील हद्द प्रथमदर्शनी आढळून येत नाही. बारकाईने पाहता एक बारीक काळी रेघ दिसते, ती हद्द असावी, परंतु हद्दीचे दगड जागेवर नाहीत. निळी वेल भिंतीवरून मेजावर उतरली आहे किंवा मेजावरून भिंतीवर चढली आहे. कोणी कोणाचा बांध कोरला हे मोजणी झाल्याशिवाय सांगता येत नाही. मेजावर फळे विखुरलेली असून त्यांची तीन वेळा मोजणी केली असता तीन निरनिराळे आकडे आले, सबब 'काही फळे' असे लिहिले आहे. सुरया काचेच्या, आत मद्य असल्याचा वहीम येतो, परंतु स्थळ मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ याच्या हद्दीबाहेरील असल्याने पुढील कार्यवाही केली नाही. डाव्या हातास एक खुर्ची, तिचा काही भाग चौकटीबाहेर गेलेला. तो कोणाच्या ताब्यात आहे याचा बोध होत नाही. स्त्री एक, अंगात काळा पोलका, नजर खाली. तबकात फळे ठेवते आहे की तबकातून काढते आहे याबद्दल पंचांत मतभेद. सावली कोठेही मिळून आली नाही.

कागद पुरा झाला तेव्हा खोलीत काहीशी चमत्कारिक शांतता पसरली होती, कारण आम्हा सर्वांच्या एकदमच ध्यानात आले होते की आतापर्यंत त्या चित्राकडे नीट पाहिले होते ते या गृहस्थांनी. हद्दीची ती बारीक रेघ प्राध्यापकांना दिसली नव्हती. खुर्ची मला दिसली नव्हती. फळे मोजावी असे तर कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. आता मास्तर उठले आणि बोट लावून चौथ्यांदा मोजू लागले.

यावर भाच्याने, काहीशा खोडसाळपणाने, चित्राचा पूर्वेतिहास शिरस्तेदारसाहेबांच्या पुढ्यात मांडला. हे चित्र मॉस्कोच्या सर्गेई श्चुकिन या कापडाच्या बड्या व्यापाऱ्याने घेतले, आणि १९०८ च्या पॅरिसच्या शरद्-प्रदर्शनात 'भोजनगृहासाठी शोभेचा फलक' अशा नावाने ते मांडले गेले. परंतु श्चुकिनने पसंत केले तेव्हा चित्र लाल नव्हते. ते निळे होते. सौदा ठरल्यावर मातीसला तो निळा रंग खिडकीबाहेरच्या वसंतापुढे फिका वाटू लागला, म्हणून त्याने आख्खी खोली निळ्याची लाल करून टाकली. आणि गिऱ्हाईकानेही ती मुकाट्याने लाल पत्करली.

प्राध्यापकांच्या चेहऱ्याकडे पाहणे त्या क्षणी शिष्टसंमत नव्हते. ज्या लाल रंगात त्यांनी मध्यमवर्गाचा क्षोभ खदखदत ठेवला होता, तो चित्रात मागाहून आलेला निघाला. पण खरा भाष्यकार दोन घासांच्या अवधीत सावरतो. "तर मग हा लाल म्हणजे दडपलेला निळा!" असे म्हणून त्यांनी पापड मोडला. ताईला व्यवहारातच काही नवल वाटले नाही. "दुकानात दिव्याखाली निळा दिसलेला शालू घरी येऊन जांभळा निघतो, आणि नवरा म्हणतो असू दे," ती म्हणाली. "त्या रशियातल्या माणसाचेही तसेच झाले असेल."

शिरस्तेदारसाहेब मात्र गंभीर झाले होते. "इसारत निळ्याची आणि ताबा लालचा," ते म्हणाले. "घेणाऱ्याची लेखी संमती होती काय?" ती कोणाला ठाऊक नव्हती. "बरे, पुढे?" पुढे असे की, क्रांतीनंतर १९१८ मध्ये श्चुकिनचा सारा संग्रह सोव्हिएत सरकारने राष्ट्राच्या मालकीचा केला; स्वतः श्चुकिन देश सोडून गेला आणि १९३६ मध्ये पॅरिसला वारला; आणि १९४८ साली, ज्या संग्रहालयात ही चित्रे ठेवली होती तेच मोडीत काढण्यात येऊन त्यांची मॉस्कोचे पुश्किन आणि तेव्हाच्या लेनिनग्राडचे हर्मिटाज अशी वाटणी झाली. लाल खोली हर्मिटाजच्या वाट्याला आली. हे ऐकता ऐकता शिरस्तेदारसाहेबांच्या मुद्रेवर जो प्रसन्न भाव उमटत गेला तो आमच्यापैकी कोणाच्याही चेहऱ्यावर चित्र पाहून कधी उमटला नव्हता. खरेदी, फेरफार, सरकारजमा आणि वाटप! त्यांना आता चित्रात गोडी वाटू लागली होती. "अरे, हे तर सरळ आहे," ते म्हणाले. "उगीच अमूर्त अमूर्त म्हणून घाबरवता." मग त्यांनी त्या वाकलेल्या स्त्रीची चौकशी केली, आणि मातीसने याच विषयावर १८९७ मध्ये एक चित्र काढले होते, सावल्यांसकट, रीतसर, आणि त्यातही मेजावर वाकलेली अशीच एक दासी आहे, हे कळताच त्यांनी पंचनाम्यात समासाला लिहवून घेतले: 'सदर स्त्रीची वहिवाट किमान अकरा वर्षांची, कूळ म्हणून नाव लागण्यास पात्र.' संग्रहाची वाटणी आणि आपल्याकडचा कुळकायदा ही दोन्ही १९४८ ची, हा योगायोग त्यांनी दोनदा बोलून दाखविला.

चित्र उलटे तर लावलेले नाही ना, अशी शंका मास्तरांनी मधेच काढली. चौथी मोजणीही जुळली नव्हती, त्याचा तो परिणाम असावा. स्त्रीचे डोके वरच्या अंगाला असल्याने ती शंका टिकली नाही, परंतु तिच्यामुळे मला १९६१ सालची एक हकीकत आठवली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात याच मातीसचे, कागद कापून केलेले नावेचे एक चित्र मांडले होते: वर नाव, खाली तिचे पाण्यातले प्रतिबिंब. ते ४७ दिवस उलटे टांगलेले राहिले. तेवढ्या अवधीत लाखाहून अधिक प्रेक्षक त्यापुढून गेले, आणि चूक उघडकीस आणली ती शेअरबाजारात काम करणाऱ्या एका बाईने. प्राध्यापकांना यात काही वावगे दिसले नाही. नाव आणि प्रतिबिंब हा भेदच मुळी मायिक आहे, असे ते म्हणाले. शिरस्तेदारसाहेबांनी एवढेच विचारले, "संबंधित कर्मचाऱ्याचा खुलासा मागवला होता का?"

पण त्यांना पुरते जिंकले ते चित्रकाराच्या पूर्वचरित्राने. मातीस हा आधी कायदा शिकला आणि सां-कांतां या गावी एका वकिलाच्या कचेरीत कारकून होता. दुखण्याने अंथरुणाला खिळला असता आईने करमणुकीसाठी रंगांची पेटी आणून दिली, तेथून तो हातचा गेला. कारकुनीत त्याच्याकडे दस्तऐवजांच्या नकला करण्याचे काम असे, आणि त्या नकला न्यायाधीशसुद्धा वाचत नाहीत हे ध्यानात आल्यावर तो सरकारी मुद्रांकित कागदावर बेधडक ला फोंतेनच्या नीतिकथा उतरवून काढी, असे सांगतात. शिरस्तेदारसाहेब कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढून स्वतःच्या हाताखालून गेलेली हजारो नकलांची बाडे सरकत असावीत, आणि त्यांपैकी कोणत्या बाडात कोणत्या गुलामाने इसापनीती घुसडून दिली असेल, या विचाराने ते अस्वस्थ झाले असावेत, असा माझा तर्क आहे. अखेर ते म्हणाले, "म्हणजे आपल्याच खात्यातला. तरीच हद्द दाखवली नाही. हद्द कुठे लपवावी हे कारकुनाइतके कोणाला कळते?"

मातीसच्या समीक्षेवर जे थोडेफार मी वाचले आहे त्यात भिंत आणि मेज एकाच प्रतलात मिसळून टाकण्याच्या त्याच्या युक्तीबद्दल पुष्कळ लिहिलेले असते. पण ती युक्ती करणाऱ्याच्या स्वभावावर इतके नेमके बोट ठेवलेले मला कोठे आढळले नाही.

सह्यांच्या वेळी मात्र पंचनामा अडला. ड्रॉइंग मास्तर सही करायला तयार होते. फळांच्या आकड्याची जागा कोरी ठेवावी, एवढीच त्यांची अट होती. ताईने सही केली. प्राध्यापकांनी 'तत्त्वतः' असा शब्द घालून केली. अडले ते डावीकडच्या चौकोनावर. भाच्याचे म्हणणे ती खिडकी आहे. मास्तरांचे म्हणणे ती भिंतीवर टांगलेली तसबीर आहे, कारण उजेड आत येत असता तर सावली पडली असती. चांगल्या जाणत्या लोकांनीही हा वाद घातलेला आहे, असे मी सांगितले, त्याचा काही उपयोग झाला नाही. शिरस्तेदारसाहेबांच्या मते मुद्दा साधा नव्हता. खिडकी असेल तर पलीकडची हिरवळ, झाडे व गुलाबी घर ही लगतची मिळकत, आणि तिच्या कब्जेदारास नोटीस काढणे प्राप्त. तसबीर असेल तर ती जंगम मालमत्ता, आणि तिची नोंद फळांच्या खाली यावी. छापील प्रतीवरून असा निर्णय करणे नियमाला धरून होणार नाही. त्यांनी त्या रकान्यात 'प्रत्यक्ष स्थळपाहणीअंती' एवढेच लिहविले, कागदाची घडी केली, आणि सेंट पीटर्सबर्गपर्यंतच्या स्थळपाहणीला निवृत्त शिरस्तेदारास कोणत्या वर्गाचे भाडे मंजूर होते, याची भाच्याकडे चौकशी केली. तिकडे थेट रेल्वे जात नाही, असे भाचा म्हणाला.

"मग मैलावर लावू," शिरस्तेदारसाहेब म्हणाले, "बैलगाडीच्या दराने."